पाणबुडीबाहेरचे ॲक्च्युएटर आणि वायरिंग: सीलंटच्या आधी दाबाचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका माणसाची पाणबुडी घरीच बांधताय, ३० मीटरपर्यंत न्यायची आहे. डाइव्ह प्लेन (नाक वर-खाली करणारे पंख) हलवायला आणि बॅलास्ट टाक्यांचे (पाणी भरून बुडायच्या टाक्यांचे) व्हेंट, म्हणजे हवा बाहेर सोडायच्या झडपा, उघडायला २४ व्होल्टचे लिनियर ॲक्च्युएटर (मोटरने रॉड सरळ आतबाहेर करणारी यंत्रणा) घेतलेत. त्यांच्यावर आयपी ६७ असा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिलाय. आता त्यांना आणखी पक्कं करायला कोणतं सीलंट लावू आणि वायरी हलमधून (पाणबुडीच्या दाब पेलणाऱ्या कवचातून) आत घ्यायला कोणता केबल ग्लँड (केबलभोवती आवळायची रबरी बूच) वापरू?

सरळ उत्तर: सीलंट लावू नका आणि हलच्या भोकात साधा केबल ग्लँड बसवू नका. कारणं सविस्तर देतो, कारण ती एकदा डोक्यात बसली की पुढचे निम्मे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

आयपी ६७ मधला ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, बस. आयपी ६८ ची खोली आणि वेळ उत्पादक स्वतः ठरवतो, त्यामुळे नुसता ६८ आकडा बघून काहीच कळत नाही, त्याच्यासोबतची बारीक अक्षरं वाचावी लागतात. तुम्हाला जायचंय ३० मीटरवर. तिथे बाहेरचा दाब आतल्यापेक्षा ३ बारने जास्त, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण ३ किलो. आणि हा दाब दर बुडीला चढणार, उतरणार, पुन्हा चढणार. आयपीच्या चाचणीत यातलं काहीच नसतं.

लिनियर ॲक्च्युएटरचा खरा कमकुवत भाग म्हणजे रॉड जिथून बाहेर येतो ती जागा. तिथलं वायपर सील धूळ आणि पाण्याचे शिंतोडे पुसायला बनवलेलं असतं, दाब पेलायला नाही. रॉड बाहेर गेला की आतली मोकळी जागा वाढते, आतली हवा विरळ होते आणि ॲक्च्युएटर स्वतःच बाहेरचं पाणी आत ओढू लागतो. तापमानाची भर वेगळीच. उन्हात ॲक्च्युएटर ५० अंशांवर गेला, तापताना आतली थोडी हवा सीलमधून निसटली, मग पाणबुडी १५ अंशांच्या पाण्यात उतरवली, तर आतला दाब सुमारे ११ टक्क्यांनी पडतो. हा ओढा १ मीटरहून जास्त पाण्याच्या दाबाइतका आहे, आणि बुडी तर अजून सुरूही झालेली नाही. बिघडलेले ॲक्च्युएटर उघडल्यावर आत पाणी सापडतं आणि मालक शपथेवर सांगतो की पाणबुडी धक्क्यापासून हललीच नव्हती, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. अशा खोक्याच्या सांध्यांवर बाहेरून कितीही सीलंट लावलं तरी रॉडची जागा उघडीच राहते, कारण हलत्या भागावर सीलंट लावताच येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: हा ॲक्च्युएटर बाहेर असायलाच हवा का? डाइव्ह प्लेनसाठी माझं मत स्पष्ट आहे. ॲक्च्युएटर हलच्या आत, कोरड्यात ठेवा आणि प्लेनचा शाफ्ट हलमधून बाहेर काढा. फिरणारा शाफ्ट सील करणं मागेपुढे होणाऱ्या रॉडपेक्षा पुष्कळ सोपं आहे. रॉड दर फेरीला बाहेरच्या पाण्याची पातळ फिल्म, वाळूचे कण, शेवाळ असं सगळं सीलखाली ओढून आणतो. प्लेनचा शाफ्ट जागच्या जागी ३०-४० अंश फिरतो, तेही सावकाश. शाफ्टवर दोन ओ-रिंग (रबरी कड्या), दोन्हींच्या मध्ये ग्रीस, पुरेशा लांबीचं बुश (शाफ्टला आधार देणारी नळी), आणि शाफ्टचा पृष्ठभाग ०.४ मायक्रॉन आरए (खडबडीतपणाचं सरासरी माप) किंवा त्याहून गुळगुळीत. एवढ्यात ३० मीटरचं काम आरामात होतं. हलती ओ-रिंग तिच्या जाडीच्या १० ते २० टक्के चेपलेली पुरे, त्याहून जास्त आवळली तर ती लवकर झिजते आणि शाफ्ट जड होतो. शाफ्टला बाहेरच्या बाजूला खांदा ठेवायला विसरू नका. १६ मिलिमीटरच्या शाफ्टला ३० मीटरवर पाणी सुमारे ६ किलोच्या जोराने आत ढकलत असतं, आतली पिन तुटली तरी शाफ्ट आत सरकता कामा नये.

इथे गाडीतलं साधं ऑइल सील बसवायचा मोह होतो. त्याची दाब पेलायची क्षमता साधारण ०.३ ते ०.५ बार असते, म्हणजे ३ ते ५ मीटर पाणी. तेलाचे थेंब अडवायला ते उत्तम, पण हलच्या भोकात त्याच्यावर विसंबू नका.

या रचनेचा मला सर्वांत आवडणारा भाग असा की आत आलेल्या शाफ्टला हाताचा दांडा लावता येतो. वीज गेली, कंट्रोलर बसला, तरी प्लेन तुमच्या हातात राहतं.

आता जे ॲक्च्युएटर बाहेर ठेवल्याशिवाय चालणारच नाही, त्यांच्याकडे येऊ. तिथे एकच पद्धत टिकते: ॲक्च्युएटर तेलाने पूर्ण भरायचा आणि त्याला एक लवचिक पिशवी किंवा डायफ्राम जोडायचा, जो बाहेरच्या पाण्याने दाबला जाईल. बाहेर ३ बार वाढले की आतही ३ बार वाढतात. सीलच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच, म्हणजे सीलवर ताण जवळजवळ शून्य. डायफ्रामवर हलकी स्प्रिंग ठेवून आतला दाब ०.२ ते ०.३ बारने जास्तच ठेवतात. मग सील थोडं झिजलं तरी तेल बाहेर झिरपेल, पाणी आत शिरणार नाही. मात्र वायपर सीलची धार बाहेरच्या बाजूला असते. तेल आत टिकवायला उलट्या तोंडाचं दुसरं सील त्याच्यामागे बसवावं लागतं. बहुतेक जण तेल भरतात आणि हे विसरतात, मग आठवडाभरात स्टँडखाली तेलाचं थारोळं.

पिशवी केवढी हवी, हे अंदाजाने ठरवू नका, गणित सोपं आहे. समजा रॉड २० मिलिमीटर व्यासाचा आणि स्ट्रोक १५० मिलिमीटर. रॉड पूर्ण बाहेर आला की आत साधारण ४७ मिलिलिटर जागा रिकामी होते आणि ती भरायला तेवढं तेल पिशवीतून यायला हवं. खनिज तेल दर अंशाला ०.०७ टक्क्यांच्या आसपास प्रसरण पावतं, म्हणजे आत १ लिटर तेल असेल तर ४० अंशांच्या फरकाला जवळपास ३० मिलिलिटर. कितीही काळजी घेतली तरी कोपऱ्यात हवा राहतेच. २० मिलिलिटर हवा राहिली असं धरलं, तर ३० मीटरवर निरपेक्ष दाब (वातावरणाचा धरून) ४ बार, म्हणून ती ५ मिलिलिटर होते आणि १५ मिलिलिटर तेल पिशवीतून जातं. बेरीज ९२. अशा ठिकाणी १५० ते १८० मिलिलिटर कामाची जागा असलेली पिशवी घ्या. पिशवी संपली, तळाला टेकली, की त्या क्षणापासून तुमचा ॲक्च्युएटर पुन्हा साधा खोका झाला आणि सगळा दाब सीलवर आला.

तेल पातळ घ्या. जाड तेलात मोटरचा रोटर ढवळत बसतो, थंड पाण्यात तर आणखीच, आणि करंट वाढतो. पांढरं खनिज तेल किंवा ट्रान्सफॉर्मर ऑइल चांगलं चालतं. पाण्यात थोडंफार झिरपणारच असेल तर खाद्य दर्जाचं पांढरं तेल जास्त योग्य. ओ-रिंग नायट्राइल रबराच्या घ्या. ईपीडीएम रबराची ओ-रिंग खनिज तेलात फुगते, ती इथे चालत नाही. आतल्या वायरींचं पीव्हीसी आवरणही तेलात हळूहळू कडक होतं, त्याऐवजी टेफ्लॉन किंवा क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीनची वायर वापरा.

भरण्याआधी ॲक्च्युएटर उघडून आत काय आहे ते नीट बघा. ब्रशची मोटर तेलात चालते, पण वेग जास्त असेल तर ब्रश आणि कम्युटेटर यांच्यामध्ये तेलाची फिल्म येते, ठिणग्या पडतात आणि तेल काळं होतं. त्या काळ्या तेलात कार्बन असतो, इन्सुलेशन उतरतं. मधूनमधून काही सेकंद चालणाऱ्या ॲक्च्युएटरला हे परवडतं, फक्त तेल नियमित बदला. ब्रश असलेल्या मोटरला सिलिकॉन तेल मात्र देऊ नका, ठिणगीत त्याची सिलिका होऊन संपर्क बिघडतात. सतत फिरणाऱ्या थ्रस्टरला (पाणबुडी ढकलणाऱ्या पंख्याला) ब्रशलेस मोटरच घ्या. आत छोटी सर्किट बोर्ड असेल आणि तिच्यावर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर किंवा क्रिस्टलची पत्र्याची डबी असेल, तर हे भाग आतल्या हवेच्या पोकळीमुळे दाबाखाली चेपतात. असे भाग काढून हलच्या आत न्या. स्थिती मोजायला पोटेन्शिओमीटर असेल तर तेलाच्या फिल्ममुळे त्याचं रीडिंग उड्या मारू शकतं. न टेकता चुंबकाने स्थिती ओळखणारा हॉल सेन्सर बरा.

तेल भरताना घाई करू नका. ॲक्च्युएटर तिरका धरून, भरायचं भोक सर्वांत वर ठेवून भरा, मग हलका व्हॅक्यूम लावा. गिअरबॉक्समधून, मोटरच्या वाइंडिंगमधून बुडबुडे बराच वेळ येत राहतात. रॉड सावकाश आतबाहेर करा, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा तेल. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. फॅक्टरीचं घट्ट ग्रीस आधी पुसून काढलं असेल तर काम लवकर होतं, त्याच्या गोळ्यांमध्ये हवा अडकून राहते.

आता वायरिंग. घरच्या पाणबुड्यांचं सगळ्यात फसवं गळतीचं ठिकाण केबलचं बाहेरचं आवरण नसून तांब्याच्या तारांमधली बारीक जागा आहे. दिव्याची वात तेल ओढते तसं पाणी त्या तारांमधून चढतं, आणि मागून ३ बार दाब असेल तर ते चढत नाही, धावतं. बाहेर कुठे तरी आवरणाला ओरखडा पडला की पाणी इन्सुलेशनच्या आतून प्रवास करतं. ग्लँडची पकड असते आवरणावर, त्यामुळे आतली ही वाट त्याला दिसतही नाही, आणि पाणी थेट आतल्या टर्मिनलवर टपकतं. अशा केबलचा तुकडा लांबीत कापून बघा. बाहेरून आवरण चकचकीत, नवं. आत तांबं आधी तपकिरी, मग काळं, मग हिरवट पावडर, आणि तो रंग ओरखड्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत गेलेला. टर्मिनल घासून साफ करणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

ग्लँडबद्दल आणखी एक. तो केबल रबराने चेपून धरतो. पीव्हीसी अशा सततच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, बारीक होतं, काही महिन्यांनी पकड सैल पडते. शिवाय १० मिलिमीटरच्या केबलला ३० मीटरवर अडीच किलोच्या आसपास जोर कायम आत ढकलत असतो. बाहेरच्या तेल भरलेल्या जंक्शन बॉक्सवर, जिथे दाबाचा फरक नाही, तिथे ग्लँड खुशाल वापरा.

हलच्या भोकासाठी माझा एकच निकष आहे: बाहेरची केबल कुणी मुळापासून छाटली तरी आत थेंब येता कामा नये. याचा अर्थ वायर अखंड आत आणायचीच नाही, मध्ये भरीव धातू हवा. सर्वांत भरवशाची घरगुती रचना म्हणजे ग्लास-एपॉक्सीची जाड चकती, तिच्यातून आरपार गेलेले भरीव पितळी स्टड, प्रत्येक स्टडला पाण्याच्या बाजूला खांदा आणि खांद्याखाली ओ-रिंग. चकती हलच्या फ्लँजवर (भोकाभोवतीच्या सपाट कडेवर) फेस ओ-रिंगने, म्हणजे दोन सपाट तोंडांमध्ये दाबलेल्या ओ-रिंगने, बसते. पाणी जितकं दाबेल तितका खांदा घट्ट बसतो. ही चकती नायलॉनची करू नका, नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि ओ-रिंगच्या खाचेची मापं बदलतात.

पॉटिंगच (वायरींभोवती एपॉक्सी ओतून भोक बंद करणं) करायचं असेल तर प्रत्येक वायर १५-२० मिलिमीटर सोलून तिथे सोल्डर भरा, तारांची भरीव कांडी होईपर्यंत. सोललेल्या जागा एकमेकींसमोर येऊ देऊ नका, मागेपुढे ठेवा. पॉटिंगचं भोक शंकूसारखं हवं, रुंद तोंड पाण्याकडे, म्हणजे दाबाने एपॉक्सी आणखी रुतेल. एपॉक्सी थराथराने ओता, एकदम जाड ओतली तर तापते, आकसते आणि कडेने सुटते. केबल बाहेर पडते तिथे कडक एपॉक्सीवर लवचिक पॉलियुरेथेनचा थर द्या, नाहीतर केबल वाकून वाकून तिथेच चिरते. आणि केबल निवडताना आवरणाचा विचार आधी करा. पॉलियुरेथेन आवरणाला पॉलियुरेथेन पॉटिंग छान धरतं. पीव्हीसीला चिकटण बेताचं. पॉलिइथिलीन, सिलिकॉन आणि टेफ्लॉनला काहीच नीट चिकटत नाही. आवरण पॉलिश पेपरने खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मग हात न लावता पॉटिंग करा.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वायरींच्या आसपास आणूही नका. त्यातून सुटणारं ॲसेटिक आम्ल तांबं खातं.

विजेची रचना कशी आहे यावरही वायरिंग किती टिकेल हे ठरतं. हलचा उपयोग परतीच्या वायरीसारखा कधीच करू नका. प्लस आणि मायनस दोन्ही हलपासून वेगळे, दोन्हींना स्विच, बॅटरीजवळच फ्यूज. खाऱ्या पाण्यात प्लसची वायर उघडी पडली तर ती अक्षरशः विरघळते: १ अँपिअर गळती १ तासात सुमारे १.२ ग्रॅम तांबं नेते. बारीक वायर असेल तर एका दुपारीत संपली. बंद खोक्यात शिरलेल्या खाऱ्या पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि क्लोरीनही साठतो, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीची वाट असते. म्हणून पाणी शिरलेला खोका उघडायच्या आधी वीज तोडा, मोकळ्या हवेत उघडा. गळती ओळखायला व्होल्टमीटर पुरतो: प्लस ते हल आणि मायनस ते हल असं मोजा. एका बाजूला बॅटरीचा जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दिसला तर दुसरा पोल हलला लागलाय. याखेरीज कंट्रोलर सोडवून मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) इन्सुलेशन मोजा आणि वहीत लिहा. नवं वायरिंग १०० मेगाओहमच्या वर असायला हवं. १ मेगाओहमच्या खाली आलं तर बुडी नाही. एकट्या आकड्यापेक्षा तो दर बुडीनंतर कुठे चाललाय हे जास्त सांगतं.

चाचणीसाठी आत हवेचा दाब भरून बुडबुडे बघण्यापेक्षा हवा काढून बघा. ब्रेक ब्लीड करायच्या हातपंपाने रिकाम्या खोक्यात ०.५ बारचा व्हॅक्यूम करा, १५ मिनिटं काटा हलता कामा नये. पाणी ज्या दिशेने ढकलणार, त्याच दिशेने ही चाचणी सील ढकलते, आतून हवा भरली तर उलट होतं. ऊन पडलेलं नको, तापमानाने काटा सरकतो. त्यानंतर खरी दाबाची चाचणी, जाड पाइपच्या टाकीत, पूर्ण पाणी भरून. टाकीत हवा ठेवली तर फुटताना ती जीव घेऊ शकते. तुमच्यासाठी ४.५ बार, तासभर, आणि दाब बऱ्याच वेळा चढवून-उतरवून. ॲक्च्युएटर टाकीत असतानाच चालवा आणि करंट बघा: कोरडा असताना, तेल भरल्यावर, दाबाखाली. दाबाखाली करंट लक्षणीय वाढला तर पिशवी तळाला टेकलीय किंवा रॉड कुठे तरी अडतोय. हलच्या चकतीची चाचणी बाहेरची केबल मुद्दाम कापून, तिचं उघडं तोंड पाण्यात ठेवून करा.

शेवटचा मुद्दा वॉटरप्रूफिंगचा नाही, पण तुमच्या प्रश्नातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. स्क्रूवाला ॲक्च्युएटर वीज गेली की आहे त्या जागी अडकून राहतो. डाइव्ह प्लेनला याचा अर्थ नाक खाली अडकलेलं, त्यावर आतला हाताचा दांडा हा उपाय आहे. बॅलास्टच्या व्हेंटला याचा अर्थ फार वाईट: व्हेंट उघडा अडकला तर तुम्ही टाकीत सोडलेली हवा तिथूनच निघून जाते आणि पाणी टाकीबाहेर जातच नाही. वर येण्याचा पहिला मार्ग तिथेच संपतो. व्हेंट असा हवा की हात सोडला, वीज गेली, काहीही तुटलं, तरी स्प्रिंगने बंदच व्हावा. त्यामुळे व्हेंटसाठी घेतलेले ॲक्च्युएटर तिथे लावू नका. त्या जागी हलमधून फिरणारा शाफ्ट, आत दांडा, बाहेर बंद करणारी स्प्रिंग. टाकीत हवा सोडायचा व्हॉल्व्ह हाताचा. अडचणीत वजन टाकून वर यायची यंत्रणाही पूर्ण यांत्रिक, बॅटरी बंद ठेवून चालवून बघितलेली. हे तिन्ही जागेवर बसल्यावर मग बाकीच्या ॲक्च्युएटरांच्या तेलाकडे वळा.